मोठ्या जातीचे पिल्लू पाळताना : आहार, साहित्य व शिकवणीची पूर्वतयारी



वस्ती गावापासून लांब असली की राखणीला कुत्रा लागतोच. विहिरीवरील मोटारीची केबल, गोठ्यातील जनावरे, खळ्यावरचे धान्य आणि रात्री घरात असणारी लेकरे-बाळे या सर्वांना जागता कुत्रा आधार देतो. म्हणून अलीकडे अनेक शेतकरी जर्मन शेफर्ड, डॉबरमन, लॅब्राडॉर, रॉटवायलर किंवा आपल्याकडील मुधोळ, कारवान अशा जातींची पिल्ले हौसेने आणतात. त्यासाठी चांगली रक्कमही मोजतात. मात्र वर्षभरातच तक्रारी सुरू होतात. पिल्लाचे पुढचे पाय वाकडे झाले, मागून लंगडते, कोंबड्या मारते, गड्यांवर धावून जाते, नाहीतर चार महिन्यांच्या आतच रक्ताची हगवण लागून मेले, असे पशुवैद्यकीय दवाखान्यात नेहमी ऐकू येते.

यांपैकी बहुतेक अडचणी टाळता येण्याजोग्या असतात. त्यासाठी पिल्लू घरी येण्यापूर्वी थोडी तयारी आणि पहिले वर्षभर नेमाने काळजी घ्यावी लागते. पूर्ण वाढ झाल्यावर ज्याचे वजन २५ किलोपेक्षा जास्त भरते तो कुत्रा मोठ्या जातीचा समजतात. अशा जातीचे पिल्लू जन्मताना जेमतेम अर्धा किलो असते आणि वर्ष-दीड वर्षात तीस-पस्तीस किलोचे होते. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या शरीरात लहान चूकही मोठी होते. म्हणून एक सूत्र प्रथमच ध्यानात ठेवावे : शरीर सावकाश वाढवावे आणि शिकवण लवकर सुरू करावी. प्रत्यक्षात बहुतेक घरी याच्या उलट घडते. पिल्लाला घाईने खाऊ-पिऊ घालून जाड केले जाते आणि शिकवण मात्र ‘मोठे झाल्यावर बघू’ म्हणून लांबणीवर टाकली जाते.

जातीची निवड

आपले हवामान, आपली गरज आणि घरातील माणसे पाहून जात निवडावी. सेंट बर्नार्ड, हस्की या जाड केसांच्या जाती थंड मुलखातील आहेत. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यांचे हाल होतात, म्हणून त्यांचा विचार करू नये.

मुधोळ ही जात कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ गावाच्या नावाने ओळखली जाते. तेथील घोरपडे संस्थानिकांनी तिला आश्रय दिला. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये या जातीचे तिकीट काढले असून कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची देशी जात म्हणून नोंद केली आहे. हा कुत्रा उंच, हलक्या अंगाचा, चपळ आणि आपल्या उन्हाला सरावलेला असतो. मात्र तो मुळात धावत्या सावजाचा पाठलाग करणारा आहे. त्यामुळे कोंबड्या-शेळ्यांची सवय त्याला लहानपणीच लावावी लागते.

जर्मन शेफर्ड शिकण्यात हुशार व राखणीस चांगला असतो. परंतु या जातीत मागच्या पायांच्या खुब्याचा सांधा सैल असण्याचा आनुवंशिक दोष आढळतो. लॅब्राडॉर स्वभावाने सर्वांशी गोड असतो. त्याच्याकडून कडक राखणीची अपेक्षा ठेवू नये, आणि तो खादाड असल्याने वजनावर लक्ष ठेवावे. रॉटवायलर व डॉबरमन या जाती ताकदवान आहेत. त्यांना रोज वेळ देणारे अनुभवी माणूस घरात असेल तरच त्या पाळाव्यात.

पिल्लू घेताना

पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्यावरच आणावे. त्याआधी आईपासून तोडलेली पिल्ले अशक्त राहतात. शिवाय खेळताना किती जोराने चावायचे हे पिल्लू भावंडांकडून शिकते, तेही अर्धवट राहते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. रस्त्याच्या कडेला टोपलीत ठेवून विकलेली महिन्याभराची पिल्ले स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत.

शक्य तेथे पिल्लाची आई पाहावी, तसेच बापही पाहावा. आई अनोळखी माणसाला पाहून घाबरून लपत असेल किंवा अंगावर येत असेल तर तोच स्वभाव पिल्लात उतरण्याचा संभव असतो. आई-बाप लंगडत नाहीत ना, बसून उठताना अडखळत नाहीत ना, याकडे लक्ष द्यावे. पिल्लाचे डोळे व नाक स्वच्छ असावे, शेपटीखाली घाण चिकटलेली नसावी, पोट माठासारखे फुगलेले नसावे. फुगलेले पोट हे बहुधा जंतांचे लक्षण असते. जंतनाशक कधी दिले, लस कोणती टोचली आणि सध्या खायला काय देतात हे लिहून घ्यावे.

आधी जमवावयाचे साहित्य

पिल्लू आणायच्या आठ दिवस आधी पुढील वस्तू तयार ठेवाव्यात.

१) दोन जड बुडाची स्टीलची भांडी, एक पाण्याचे व एक खाण्याचे. ती जमिनीवरच ठेवावीत.

२) रुंद, चपटा, कातडी किंवा नायलॉनचा पट्टा. पट्टा व मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज जावीत. पिल्लू झपाट्याने वाढते, म्हणून दर आठवड्याला पट्टा तपासावा. लहानपणी बांधलेला पट्टा मानेत रुतून जखम झालेले कुत्रे दवाखान्यात येतात. गळा आवळणारी साखळी पिल्लाला वापरू नये.

३) पाच-सहा फूट लांबीची हलकी दोरी फिरवण्यासाठी, आणि तीस फूट लांब दोरी पुढे मोकळ्यावर शिकवण्यासाठी.

४) चघळण्यासाठी कडक रबराच्या वस्तू. चौथ्या ते सातव्या महिन्यात दुधाचे दात पडून कायमचे येतात. त्या काळात पिल्लू चप्पल, ठिबकच्या नळ्या, वायर काहीही चावते. त्याला चावायला योग्य वस्तू दिली नाही तर ते अयोग्य वस्तू शोधते.

५) ब्रश, गोचीड काढण्याचा चिमटा, आणि लस, जंतनाशक व वजन यांच्या नोंदीसाठी एक वही.

६) निवारा. तो पुढे होणाऱ्या पूर्ण आकाराचा विचार करून बांधावा. मोठ्या कुत्र्याला आत ताठ उभे राहता, वळता आणि पाय ताणून झोपता आले पाहिजे. जमीन आजूबाजूपेक्षा सहा इंच उंच, तोंड पूर्वेला किंवा पावसाचा मारा नसलेल्या बाजूला आणि वर सावली असावी. नुसत्या पत्र्याखाली उन्हाळ्यात कुत्रा भाजून निघतो, म्हणून पत्र्यावर पाचट किंवा कडब्याचे आच्छादन टाकावे. फरशी गुळगुळीत नसावी. घसरत्या फरशीवर पाय फाकून सांध्यांना इजा होते. गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरावे.

त्याचबरोबर अंगणात व शेडमध्ये एक फेरी मारून कीटकनाशकांच्या बाटल्या, उंदीर मारण्याचे औषध, बीजप्रक्रिया केलेले बियाणे आणि खतांच्या गोण्या कुलूपबंद कराव्यात. उघड्या हौदाला व विहिरीला कठडा किंवा जाळी करावी.

यापूर्वीचे पिल्लू त्याच अंगणात रक्ताच्या हगवणीने, म्हणजे पार्व्हो रोगाने, मेले असेल तर विशेष सावध राहावे. या रोगाचा विषाणू मातीत अनेक महिने, कधी वर्षभरही टिकतो. अशा ठिकाणी फरशी व भांडी साबणाने धुऊन मग सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने निर्जंतुक करावीत. घरगुती ब्लीचच्या एका भागास तीस भाग पाणी घेऊन केलेले द्रावण दहा मिनिटे लागू द्यावे व नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे. मातीचे अंगण असे निर्जंतुक होत नाही. म्हणून लसींचा क्रम पूर्ण होईपर्यंत नवे पिल्लू तेथे सोडू नये.

आहार : वाढ सावकाश का हवी?

आपण खोंडाला अंगाने भरलेला दिसला म्हणून लगेच औताला जुंपत नाही. द्राक्षवेलीचा सांगाडा तयार झाल्याशिवाय तिच्यावर फळाचा भार घेत नाही. हाच विचार पिल्लाच्या बाबतीत करावा. मोठ्या जातीत हाडांच्या टोकांशी असलेली मऊ कूर्चा पूर्ण कठीण होण्यास साधारण १२ ते १८ महिने लागतात. तोपर्यंत त्या मऊ भागावर अंगाचा भार पडत असतो. जास्त खाऊ घातले तर वजन आधी वाढते आणि हाडे-सांधे मागे पडतात. त्यातून सांध्यांचे विकार उद्भवतात.

अमेरिकेत लॅब्राडॉरच्या ४८ पिल्लांवर जन्मभर चाललेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पिल्लांच्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य दिले होते. कमी खाद्य मिळालेल्या गटाचे आयुष्य सुमारे १.८ वर्षांनी जास्त भरले आणि त्यांच्यात सांध्यांची झीज कमी व उशिरा दिसली. पिल्लाला उपाशी ठेवावे असा याचा अर्थ नाही. गुबगुबीत पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू हा समज मात्र सोडून दिला पाहिजे.

अंगलट हाताने तपासावी. बोटे सपाट ठेवून बरगड्यांवरून फिरवल्यास बरगड्या सहज लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिल्यास कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. मुधोळ व कारवान यांच्या शेवटच्या एक-दोन बरगड्या डोळ्यांनाही दिसतात. तो त्या जातींचा नैसर्गिक बांधा आहे. दर रविवारी धान्याच्या काट्यावर पिल्लाचे वजन करून वहीत नोंदवावे.

कॅल्शियमबाबत गैरसमज

पिल्लाचे पाय जरा वाकलेले दिसले की दुकानातून कॅल्शियमची बाटली आणून पाजण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती धोक्याची आहे. मोठ्या कुत्र्याच्या शरीरात कॅल्शियम जास्त आले तर आतडी ते कमी शोषून घेतात. सुमारे सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लात ही व्यवस्था पुरती तयार नसते. जेवढे जास्त द्याल तेवढे जास्त शरीरात जाते आणि हाडांची घडण बिघडते. नेदरलँड्समधील युट्रेक्ट विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियमने हाडे व सांधे बिघडल्याचे स्पष्ट दिसले.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. वाढत्या पिल्लाला दर १,००० कॅलरी अन्नामागे सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम लागते, आणि मोठ्या जातीत ते ४.५ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. केवळ भाकरी, भात आणि मांस यांवर वाढवलेल्या पिल्लाला एवढ्या अन्नातून अर्धा ग्रॅमही कॅल्शियम मिळत नाही. मांसात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, म्हणून नुसत्या मांसावर पोसलेल्या पिल्लाची हाडे ठिसूळ होतात.

यावरून नियम सोपा होतो. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेले तयार खाद्य देत असाल तर त्यात कॅल्शियम मोजून घातलेले असते, वरून काहीही देऊ नये. घरचे अन्न देत असाल तर कॅल्शियम द्यावेच लागते. पण ते पशुवैद्यकाकडून हिशेब करून घेऊन, वजन करून द्यावे. अंड्याच्या कवचाच्या एक ग्रॅम बारीक भुकटीत सुमारे ०.३८ ग्रॅम कॅल्शियम असते. यावरून चिमूट-मुठीचा अंदाज किती चुकू शकतो हे लक्षात येईल.

किती व केव्हा खायला द्यावे?

दोन ते चार महिने वयापर्यंत दिवसातून चार वेळा, चार ते सहा महिन्यांत तीन वेळा आणि त्यानंतर जन्मभर दोन वेळा खायला द्यावे. उदाहरणार्थ, पाच महिन्यांच्या १५ किलो वजनाच्या पिल्लाला दिवसाला सुमारे १,००० ते १,१०० कॅलरी लागतात. १०० ग्रॅम कोरड्या तयार खाद्यात साधारणपणे ३५० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे दिवसाचे खाद्य सुमारे २७५ ते ३०० ग्रॅम झाले. हे तीन वेळांत विभागून द्यावे. हा आकडा सुरुवातीचा समजावा आणि अंगलट पाहून कमी-जास्त करावे. पंधरा-वीस मिनिटांत न संपलेले खाद्य उचलून घ्यावे. भांडे दिवसभर भरून ठेवू नये. पाणी मात्र चोवीस तास असावे.

तयार खाद्य परवडत नसेल तर ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा भात, त्यासोबत उकडलेली अंडी, शिजवलेले कोंबडीचे मांस किंवा काटे काढलेले मासे, थोडे दही आणि शिजवलेला भोपळा किंवा गाजर असे अन्न तयार करता येते. नुसत्या दूध-भाकरीवर मोठ्या जातीचे पिल्लू वाढत नाही, कारण त्यातून वाढीला पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. आईचे दूध तुटल्यावर जास्त दूध पाजल्यास पिल्लाला हगवण लागू शकते. त्यापेक्षा दही पचनास बरे. पहिले चार-पाच दिवस पिल्लाला पूर्वीच्या मालकाकडचेच अन्न द्यावे आणि मग आठवडाभरात हळूहळू बदल करावा.

पुढील पदार्थ कधीही देऊ नयेत : कांदा, लसूण, चॉकलेट, मसालेदार रस्सा आणि शिजवलेली हाडे. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होऊन आतड्यात रुततात. नाशिक, सांगली, सोलापूर भागातील बागायतदारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. द्राक्षे व बेदाणे खाऊन कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. त्यातील टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावे असे अलीकडचे मत आहे, आणि तेच आम्ल चिंचेतही असते. बेदाणा शेडवर, द्राक्ष प्रतवारीच्या जागी आणि चिंच फोडण्याच्या ठिकाणी पिल्लू मोकळे सोडू नये.

जत्रेत किंवा सणाला बोकड-मेंढा कापल्यावर त्याचे काळीज, फुप्फुसे कच्ची कुत्र्याला टाकण्याची प्रथा आहे. त्यातील गाठींमधून एक लहान पट्टकृमी कुत्र्यात जातो आणि कुत्र्याच्या विष्ठेतून त्याची अंडी माणसांच्या पोटात जातात. त्यामुळे माणसाच्या यकृतात व फुप्फुसात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. असे अवयव जमिनीत खोल पुरावेत.

व्यायाम

पिल्लाने आपल्या मनाने खेळावे, दमल्यावर झोपावे, हाच त्याचा व्यायाम. मोटारसायकलच्या मागे पळवणे, ट्रॉलीतून उड्या मारायला लावणे, जिन्यावरून वारंवार चढ-उतार या गोष्टी दीड वर्षाचे होईपर्यंत टाळाव्यात. उन्हाळ्यात सकाळी लवकर व सूर्य मावळल्यावर फिरवावे. जेवणानंतर तास-दीड तास पळवू नये. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा विकार होतो. पोट ढोलासारखे फुगले आहे, ओकारी येते पण काही पडत नाही, असे दिसल्यास घरगुती उपाय न करता तासाभराच्या आत दवाखाना गाठावा.

शिकवण : पहिल्या दिवसापासून

पिल्लाच्या आयुष्यातील तिसरा ते चौदावा आठवडा हा ओळखी करून घेण्याचा काळ असतो. या काळात जे पाहिले, ऐकले, हुंगले, त्याला ते पुढे भीत नाही. तुमच्या हाती यातील जेमतेम सहा आठवडे येतात. तेवढ्यात त्याला ट्रॅक्टरचा व फवारणी पंपाचा आवाज, बैल, शेळ्या, कोंबड्या, डोक्यावर भारा घेतलेली बाई, टोपी घातलेला माणूस, काठी टेकणारे आजोबा, शाळेची मुले यांची शांतपणे ओळख करून द्यावी. लसी पूर्ण झालेल्या नसल्याने पिल्लू उचलून किंवा गाडीतून न्यावे आणि जेथे भटकी कुत्री फिरतात तेथे खाली सोडू नये.

शब्द थोडे व ठरलेले असावेत : ‘ये’, ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’. घरातील सर्वांनी तेच शब्द वापरावेत. एकाने ‘बस’, दुसऱ्याने ‘खाली’ आणि तिसऱ्याने ‘सिट’ म्हटले तर पिल्लू गोंधळते. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटे पुरतात. सांगितलेले केले की लगेच, एक-दोन सेकंदांतच, शाबासकी व खाण्याचा दाणा द्यावा. हे दाणे दिवसाच्या खाद्यातूनच बाजूला काढावेत. ‘ये’ म्हणून बोलावल्यावर पिल्लू आले की त्याला कधीही मारू नये, नाहीतर ते पुढे बोलावल्यावर यायचे बंद होते.

घाण कोठे करायची हे शिकवताना झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर दर वेळी ठरलेल्या जागी न्यावे. पिल्लू जितक्या महिन्यांचे, साधारण तितके तास अधिक एक तास ते लघवी रोखू शकते. घरात घाण केली म्हणून नाक घासण्याची जुनी पद्धत निरुपयोगी आहे. त्यातून ते फक्त लपून घाण करायला शिकते.

आठ किलोचे पिल्लू अंगावर उडी मारते तेव्हा सर्वांना गंमत वाटते. तेच पस्तीस किलोचे झाल्यावर म्हाताऱ्या माणसाला आडवे पाडते. म्हणून मोठेपणी जे चालणार नाही ते लहानपणीही चालू देऊ नये. उडी मारल्यास पाठ फिरवावी, चारही पाय जमिनीवर आले की कुरवाळावे. हाताला चावले तर खेळ लगेच थांबवावा. कोंबड्या-शेळ्यांजवळ नेहमी दोरी लावूनच न्यावे आणि शांत राहिल्यास शाबासकी द्यावी. एकदा पाठलागाची चटक लागली की ती सोडवणे कठीण जाते. खाताना त्याच्या भांड्याशी मुलांना जाऊ देऊ नये, आणि लहान मूल व कुत्रा यांना कधीही एकटे सोडू नये.

लसी, जंत व गोचीड

डिस्टेंपर, पार्व्हो इत्यादी रोगांची संयुक्त लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पुन्हा द्यावी. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत ती लसीला नीट काम करू देत नाही, आणि ती नेमकी कधी संपते हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून एकच डोस पुरत नाही. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी द्यावी. लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. दुकानातून आणताना ती बर्फाच्या थर्मासमध्येच आणावी. भातशेतीच्या व उंदरांच्या भागात लेप्टोस्पायरोसिसची लस अवश्य विचारावी.

जंतनाशक तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी द्यावे. गोचीड काढताना कान, बोटांच्या फटी व पट्ट्याखालची जागा पाहावी. गोचिडांमुळे कुत्र्याला रक्ताचा ताप येतो. जनावरांसाठी आणलेले गोचीडनाशक किंवा आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने पिल्लाला देऊ नये. कोलीसारख्या काही जातींत ते जिवावर बेतते.

पिल्लाने किंवा कोणत्याही कुत्र्याने चावल्यास, ओरखडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पिल्लापासून रेबीज होत नाही हा समज खोटा आहे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय नाही.

राखण आणि जबाबदारी

राखणीसाठी कुत्र्याला चावायला शिकवू नये. माणसांवर ‘छू’ करून सोडू नये. अनोळखी चाहूल लागल्यावर भुंकणे वयात येताना त्याला आपोआप जमते, आणि वस्तीला तेवढे पुरते. दिवस-रात्र आखूड साखळीला बांधलेला कुत्रा राखणदार होत नाही. तो चिडका व भित्रा होतो, आणि सुटला की आधी आपल्याच माणसाला चावतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार आखूड किंवा जड साखळीला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हाही आहे. तसेच आपल्या जनावरापासून दुसऱ्यास इजा होऊ नये याची काळजी न घेतल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकावर कारवाई होऊ शकते. यासाठी अंगणाला कुंपण करून कुत्रा त्यात मोकळा ठेवणे उत्तम.

बिबट्याच्या भागात पिल्लू रात्री बाहेर बांधू नये. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेवरून झालेल्या अभ्यासात त्याच्या भक्ष्याचा सुमारे ३९ टक्के भाग पाळीव व भटक्या कुत्र्यांचा आढळला. बांधलेला कुत्रा बिबट्याला वस्तीपर्यंत ओढून आणतो. अशा ठिकाणी मोठ्या कुत्र्यालाही रात्री छत असलेल्या मजबूत जाळीच्या खोलीत ठेवावे. भुंकून जागे करण्याचे काम तो तेथूनही करतो.

सारांश

पिल्लू आठ आठवड्यांचे, आई-बाप पाहून घ्यावे. निवारा, पट्टा, भांडी व नोंदवही आधी तयार ठेवावी. अन्न मोजून द्यावे, वजन दर आठवड्याला करावे, कॅल्शियम मनाने देऊ नये. शिकवण पहिल्या दिवशी सुरू करावी, पळवणे दीड वर्षानंतर. लसी व जंतनाशक तारीख लिहून वेळेवर द्यावेत. मोठ्या जातीचा कुत्रा साधारण दहा-बारा वर्षे आपल्या वस्तीवर राहतो. खर्च, रोजचा वेळ आणि घरातील सर्वांची तयारी यांचा हिशेब जुळत असेल तरच पिल्लू आणावे. शंका असल्यास पिल्लू आणण्यापूर्वीच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा.